बुधवारचा चौथा तास

आमच्या शाळेचं वेळापत्रक मी करते. हे काम कुणालाच नको असतं, त्यामुळे एकदा ज्याच्या गळ्यात पडतं त्याच्या गळ्यातून सुटत नाही. वेळापत्रक चांगलं जमलं तर कुणाला दिसत नाही, आणि फसलं तर जूनपासून एप्रिलपर्यंत सगळे तुमच्याकडे असं बघतात, जणू त्यांच्या चहात मीठ तुम्हीच टाकलंत. मी गणिताची बाई. स्वभावाने तिरसट आहे असं शिक्षक खोलीत बोललं जातं. मी ते खोडून काढत नाही, कारण वेळापत्रक करणारी बाई मऊ असून चालत नाही.

पूर्वी हे काम मी एकटी करत नव्हते. आम्ही दोघी होतो. दुसरी मराठी शिकवायची. ती इथलीच, वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातली, आणि सासरही शाळेच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. मी कराडकडची, लग्न होऊन एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये आले आणि पहिली काही वर्षं इथल्या दमट हवेला शिव्या घालण्यात घालवली. वर्गात ती इतकं शुद्ध बोले की मुलं दबून असत, आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की लगेच 'पानी', 'कोन', 'आनि'. मी हसले की म्हणायची, "वर्गातली भाषा सरकारची. ही माझी. हसायचं कशाला?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आधी, आम्ही तिच्या ओटीवर बसायचो. मध्ये प्लायवुडचा मोठा तुकडा. त्यावर तिच्या नवऱ्याने रांगेने खिळे ठोकून दिलेले. आडव्या ओळीत वारांप्रमाणे तास, उभ्या ओळीत तुकड्या. खिळ्यांना अडकवायच्या चिठ्ठ्या आम्ही लग्नपत्रिका कापून करायचो. मे महिन्यात पत्रिकांचा ढीग पडायचा, आणि इतके रंग बाजारात विकत घ्यायला गेलो असतो तर मिळाले नसते. प्रत्येक शिक्षकाला एक रंग. कवायतीचे सर सोनेरी, मी मोरपंखी, ती कुंकवासारखी लाल. चिठ्ठी उलटली की मागे कुणाच्या तरी ज्येष्ठ सुपुत्राचं अर्धं नाव किंवा गणपतीची सोंड. तिची सासू अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकत बसलेली असायची आणि मधून मधून विचारायची, "झाला का तुमचा खेळ?"

खेळ कसला! एका शिक्षकाला एका वेळी दोन वर्गांवर धाडता येत नाही, हे तर कुणालाही समजतं. पण मैदान एकच, म्हणून दोन वर्गांची कवायत एका वेळी नको. प्रयोगशाळा एकच. हिंदीच्या बाई दुसऱ्या शाळेतून यायच्या, त्या दुपारपर्यंतच. आणि दहावीचं गणित पहिल्या दोन तासांतच हवं, ही माझी अट. जेवल्यावर प्रमेय शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं होतं, आणि ही अट वर्षानुवर्षं कुणी हलवू शकलं नव्हतं.

निम्म्या चिठ्ठ्या गाणं म्हणत लागायच्या. मग गती मंदावायची. आणि सगळ्यात शेवटी हातात एक चिठ्ठी उरायची, जिला कुठेच खिळा नाही. मला राग यायचा. सगळ्या चिठ्ठ्या झाडून टाकाव्यात आणि पहिल्यापासून सुरू करावं असं वाटायचं. ती माझा हात धरायची. "चुकलंय तेवढंच उसवायचं. पोलकं फाडायचं नाय." मग आम्ही एक एक चिठ्ठी मागे घेत, जिथे गाठ बसली होती तिथवर जायचो, ती सोडवायचो आणि पुन्हा पुढे यायचो.

पुढे मी टपालाने एम.एस्सी. केलं, तेव्हा त्यात एक विषय आला. मर्यादित साधनं, शंभर अटी, आणि अगणित शक्यतांमधून सगळ्या अटी पाळणारी एक मांडणी शोधायची. कारखान्याच्या पाळ्या, विमानांचे कर्मचारी, दवाखान्यातल्या परिचारिका, सगळीकडे तेच कोडं. आमचा प्लायवुडचा तुकडा एवढ्या मोठ्या खानदानातला आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी पुस्तकातून नियम आणायचे आणि नावं ती ठेवायची. ज्याला जागा सगळ्यात कमी त्याला सगळ्यात आधी बसवा, असा एक नियम होता. त्याला ती म्हणायची 'अडलेल्याला आधी'. एक चिठ्ठी लावली की ती दुसऱ्या कुणाची वाट बंद करते का, हे तिथल्या तिथे तपासा, असा दुसरा. त्याचं नाव 'शेजाऱ्याला विचार'. कवायतीच्या सरांनी मैदानाचा एखादा तास सोडावा म्हणून आम्ही दोघी त्यांच्या मागे लागायचो, तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन म्हणायची, "अडला हरी," आणि पुढची म्हण पुरी न करताच खुदखुदायची. सर बिचारे समजायचे की आपल्यावर खूश आहेत.

पण 'अडलेल्याला आधी' हा नियम आम्ही पाळायचो तो दोन चिठ्ठ्या लावून झाल्यावर. सगळ्यात पहिल्या दोन चिठ्ठ्या कोऱ्या असायच्या. बुधवार, चौथा तास: एक तिची, एक माझी. त्या तासाला आम्ही दोघी मोकळ्या. मग बाकीच्या जगाने आपापली सोय बघावी. ही वेळापत्रक करणाऱ्यांची दस्तुरी होती आणि ती आम्ही कुणाला विचारून घेतली नव्हती.

त्या तासाला आम्ही नकाशांच्या खोलीत जाऊन बसायचो. गुंडाळलेले नकाशे, लेझीम, फुटका पृथ्वीचा गोल, आणि एक खिडकी, जिच्यातून खाडीकडची शेतं दिसायची. ती चपला काढायची, पाय खिडकीच्या कट्ट्यावर टाकायची आणि डबा उघडायची. डब्यात मोड आलेले वाल असायचे, रात्रीच्या बिरड्यासाठी. अर्धे माझ्यापुढे ओतायची. वाल सोलता सोलता आम्ही काय बोलायचो ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. मुलांबद्दल, सासवांबद्दल, मुख्याध्यापकांच्या नव्या चष्म्याबद्दल. कित्येकदा काहीच नाही. माझी आई गेली त्या वर्षी, दिवस करून मी परत आले तेव्हा सगळे येऊन दोन दोन वाक्यं बोलून गेले. तिने बुधवारपर्यंत काहीच विचारलं नाही. बुधवारी डबा उघडला, सगळेच वाल माझ्यापुढे ओतले आणि म्हणाली, "आज तू सोल. हात चालू ठेव." मी सोलत होते आणि रडत होते, आणि ती खिडकीबाहेर बघत बसली होती. असं कुणीतरी शेजारी बसलेलं असणं, एवढंच मला आयुष्यात पुरेसं वाटत आलंय.

मग कोडं सोपं व्हायला लागलं.

आम्ही सुरुवात केली तेव्हा पाचवीपासून प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या. मग क तुकडी बंद झाली. मग ब. आजूबाजूला इमारती वाढत होत्या, माणसं वाढत होती, मराठी घरंही वाढत होती, आणि मराठी माध्यमातली मुलं तेवढी कमी होत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही शिक्षक दारोदार फिरून पाचवीसाठी मुलं मागायचो. हातात शाळेचं पत्रक, चेहऱ्यावर हसू. मराठीतच बोलणाऱ्या आया मराठीतच सांगायच्या, इंग्लिशमध्ये टाकलंय. इकडे ओटीवर चिठ्ठ्या भराभर लागायच्या, खिळे रिकामे राहायचे. एका वर्षी दुपारच्या जेवणाआधीच सगळं बसलं. मी टाळी वाजवली. ती वाजवेना. रिकाम्या खिळ्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "हसू नको. हे खिळे कोनाचे होते?"

त्यानंतर लवकरच मी वेळापत्रक संगणकावर घेतलं. एका प्रशिक्षणात शिकून आले होते. त्यात गंमत अशी की, संगणकाला काम कसं करायचं ते सांगायचं नसतं. काय चालणार नाही एवढंच सांगायचं. बाकीचं तो शोधतो: एक मांडणी धरतो, अडला की मागे येतो, चुकलंय तेवढंच उसवतो. अटी दोन प्रकारच्या देता येतात. एक सक्तीच्या, मोडायच्याच नाहीत. दुसऱ्या मर्जीच्या, जमल्या तर पाळ. ती शेजारी खुर्ची ओढून बसली होती. बुधवारच्या चौथ्या तासाची अट आली तेव्हा मी संकोचाने 'मर्जीची'वर बोट नेलं. तिने माझ्या बोटावर टिचकी मारली. "सक्तीची लिही."

मी सक्तीची लिहिली. ती अट अजून सक्तीचीच आहे. इथे नाही ती, जिच्यासाठी लिहिली.

तुकड्या कमी झाल्या की शिक्षक जास्त होतात. कागदावर त्याला 'अतिरिक्त' म्हणतात. कोण अतिरिक्त, ते ज्येष्ठतेवरून ठरतं, आणि मराठीच्या शिक्षकांत ती सगळ्यात कनिष्ठ होती. तिचं समायोजन जव्हारच्या बाजूला, घाट चढून गेल्यावर एका गावातल्या शाळेत झालं. जिल्हा तोच, पालघर. सरकारच्या हिशेबाने जवळच. रोज जाऊन येणं शक्य नव्हतं, म्हणून तिने शाळेच्या खालच्या गावात एक खोली घेतली. शनिवारी रात्री एसटीने घरी, रविवारी आता अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करायचं, कपडे, शेत, आठवड्याचं वाटण, आणि सोमवारी पहाटे पुन्हा एसटी. तिच्या खोलीत फोनला रेंज नाही. रेंज आहे ती शाळेच्या व्हरांड्यात, एका खांबाला टेकून उभं राहिलं तर. आणि चार वाजता शाळा सुटली की खालच्या गावाची गाडी फाटकाशी उभीच असते. ती चुकली की चालत.

मेसेज आम्ही करतो. मेसेज म्हणजे जेवणाचा फोटो. पोट भरत नाही. मला तिची आठवण येते, असं म्हणणंही अपुरं आहे. आठवण यायला आधी विसर पडावा लागतो. मला ती हवी असते. शिक्षक खोलीत कुणीतरी मूर्खासारखं बोललं की माझी नजर आपोआप तिच्या खुर्चीकडे जाते आणि तिथे नवीन आलेल्या, तासिका तत्त्वावरच्या बाई बसलेल्या असतात. त्या गोड आहेत. त्यांचा काही दोष नाही. तरी मला त्यांचा राग येतो.

नव्या शाळेत पहिल्याच जूनमध्ये वेळापत्रकाचं काम तिच्या गळ्यात पडलं. तिने ते आनंदाने घेतलं आणि पहिली कोरी चिठ्ठी लावली बुधवारी, चौथ्या तासाला. मला तिने आधी सांगितलंच नाही. बुधवारी मी दुसऱ्या तासाला दहावीवर प्रमेय शिकवत होते. तास संपवून आले तर पर्समधल्या फोनवर तिचे दोन मिस्ड कॉल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पोरं लांबच्या पाड्यांवरून येतात आणि चारच्या गाडीने परततात, म्हणून तिची शाळा लवकर भरते. तिचा चौथा म्हणजे माझा दुसरा, आणि माझा चौथा म्हणजे तिचा सहावा. बुधवारचा चौथा तास आम्हा दोघींना मोकळा होता, फक्त तो एकाच वेळी येत नव्हता. मी माझ्या चौथ्याला नकाशांच्या खोलीत जाऊन फोन लावायचे, तेव्हा ती सातवीला कविता शिकवत असायची. असं दिवाळीपर्यंत चाललं. दर बुधवारी एकमेकींना दोन मिस्ड कॉल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वेळापत्रकात एकदा दुरुस्ती करायची संधी असते. मी ठरवलं, आपण हलायचं. माझा मोकळा तास चौथ्यावरून दुसऱ्यावर आणायचा आणि तिला सांगायचं नाही. पहिल्या बुधवारी तिने फोन लावला की सरळ उचलायचा, एका घंटीत. तिचं तोंड कसं होईल ते मला दिसत होतं.

सुट्टीत शाळेच्या संगणकावर बसून ती एक अट बदलली आणि बटण दाबलं. संगणक म्हणाला, उत्तर नाही. असं झालं की त्याला विचारता येतं, नेमक्या कोणत्या अटी एकत्र नांदू शकत नाहीत? त्याने दाखवल्या. हिंदीच्या बाई दुपारपर्यंतच. प्रयोगशाळा एकच. आणि दहावीचं गणित पहिल्या दोन तासांतच. पहिल्या दोन माझ्या हातातल्या नव्हत्या. तिसरी माझीच होती. तिच्यासाठी मी मुख्याध्यापकांशी भांडले होते, पालकांच्या सभेत उभी राहून बोलले होते. मग बुधवारपुरती ती अट काढली. दहावीचं गणित गेलं सातव्या तासाला, पालथ्या घड्यावर. आणि उत्तर आलं. इतकं सहज, की मला स्वतःचीच लाज वाटली.

बुधवार उजाडला. दोन दिवस आधीपासून मी मुद्दाम वाल भिजवून मोड आणले होते. दुसरा तास सुरू झाला तशी मी नकाशांच्या खोलीत गेले, चपला काढल्या, फोन मांडीवर ठेवला आणि सोलायला लागले. फोन वाजला नाही. मला वाटलं, खिचडी वाढायला लावलं असेल. मग मीच लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. वाल सोलून संपले, तास संपला. चौथ्या तासाला मी आठवीवर होते. परत आले तर पर्समध्ये तिचे चार मिस्ड कॉल.

रविवारी तिने घरून फोन केला. दोघी एकदमच बोलायला लागलो आणि एकदमच थांबलो.

"तू पन हललीस?" ती म्हणाली.

तिनेही तेच केलं होतं. माझ्या चौथ्यासाठी आपला मोकळा तास सहाव्यावर नेला होता, आणि त्यासाठी पाचवीची कविता, जी ती सकाळच्या पहिल्या तासाशिवाय कधी शिकवत नसे, ती शेवटच्या तासाला टाकली होती. मला न सांगता. मी चौथ्याला एका घंटीत फोन उचलीन म्हणून.

आम्ही हसलो. इतकं हसलो की पलीकडून तिच्या सासूचा आवाज आला, "काय झालं गो?" हसता हसता मी पदराने डोळे पुसले आणि तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. आयुष्यभर अटींवर जगणाऱ्या आम्ही दोघी. शाळेच्या जिन्यात समोरासमोर आलेली माणसं कशी एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरतात, आणि पुन्हा दुसऱ्या बाजूला, तसं झालं होतं. त्यावर पुस्तकात साधा उपाय आहे: दोघांपैकी एकाने हलायचं नाही. सगळ्या शाळेला आम्ही हे शिकवलं. आम्हा दोघींत कोण हलणार नाही, ते ठरवायचंच राहिलं.

"आता जूनपर्यंत काय बदलनार नाय," ती म्हणाली. "गेले कागद वर. पन जूनमध्ये तू हलू नको. तू तुझ्या जुन्या जागी, चौथ्या तासाला, येऊन थांब. मी माझा लावते तुझ्याप्रमानं."

"मी थांबते," मी म्हटलं.

"नक्की?"

"सक्तीची लिही," मी म्हटलं, आणि ती पुन्हा हसली.

तेव्हापासून मी जूनची वाट बघते आहे. माझ्या वयाच्या बाईने जूनची वाट बघावी हे हास्यास्पद आहे, पण बघते. दर बुधवारी दुसऱ्या तासाला नकाशांच्या खोलीत एकटी बसते. चौथ्या तासाला आठवीवर असते आणि मला ठाऊक असतं की आत्ता शिक्षक खोलीत माझी पर्स वाजत असेल. ती उगाच लावते. मीही दुसऱ्या तासाला उगाच लावते. उचलायला कुणी नसतं, पण वाजू देतो.

पाचवीला या वर्षी पुरेशी मुलं आली नाहीत. पुढच्या वर्षी हीच गत राहिली तर गणिताला दोन शिक्षक ठेवता येणार नाहीत, असं मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून, दार लावून सांगितलं. गणिताचे दुसरे सर माझ्याहून ज्येष्ठ आहेत. बाकी मला समजावून सांगायची गरज नव्हती. एवढं गणित मला येतं.

म्हणून या वर्षी मी सुट्टीची वाट न बघता मार्चपासूनच फिरते आहे. वसई झाली, नालासोपारा झाला. गेल्या रविवारी विरारला चंदनसारच्या नव्या इमारतींत गेले होते. शाळेची गाडी आणायला येईल, मी स्वतः संध्याकाळी गणित घेईन, असं सगळं सांगत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला पाणी दिलं, पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "मराठी छानच हो. पण इंग्लिशमध्ये टाकलंय." जिन्याशी आले आणि फोन वाजला. ती होती. रविवार असून तिला पाच मिनिटं मिळाली होती.

"जून ध्यानात आहे ना? तू हलायचं नाय."

"नाही हलणार."

"आवाज असा का घुमतोय? कुठं आहेस?"

"घरीच आहे," मी म्हटलं, आणि शेजारच्या दाराची बेल दाबली.